वरच्या ढिगातलं घर

"वर ठेव वो तिले. पोरगी लगनाची आहे तिची."

भागरथाबाई हे शेजारी बसलेल्या बाईला म्हणाल्या, मला नाही. मी शाळेच्या व्हरांड्यात चार पावलांवर बसून वेळ आणि घर क्रमांक लिहीत होते. समोर जमिनीवर चिठ्ठ्यांचे चार ढीग होते. एका घराची एक चिठ्ठी. ज्यांचं बरं चाललंय ती घरं पहिल्या ढिगात, ज्यांची सगळ्यात जास्त ओढाताण ती चौथ्यात. शेजारच्या बाईने हातातली चिठ्ठी चौथ्या ढिगातून उचलून दुसऱ्यात ठेवली, मग भागरथाबाईंकडे पाहिलं. भागरथाबाईंची भुवई जराशी वर गेली. चिठ्ठी पहिल्या ढिगात जाऊन बसली.

ती चिठ्ठी वच्छलाबाईंच्या घराची होती. मी त्यांच्याकडेच उतरले होते. त्यांच्या मागच्या खोलीची मातीची भिंत पावसाळ्यात बसली होती आणि तिथे निळी ताडपत्री लावलेली होती. त्याच सकाळी मी त्या ताडपत्रीमागे आंघोळ केली होती.

लोक चिठ्ठ्या लावत असताना आपण बोलायचं नाही, हा मी ज्यांची मदतनीस म्हणून आले होते त्या मॅडमचा पहिला नियम. मला तो कधी जड गेला नाही. पण त्या वाक्याने माझे पुढचे तीन दिवस बिघडवले. भंडाऱ्याकडची सहल कशी झाली असं घरी विचारतात, तेव्हा मी तलाव, भात आणि मंडई सांगते. बाकीचं इथे लिहिते आहे.

वरठी ते लाखांदूर

आम्ही पुण्याहून निघून सकाळी भंडारा रोडला उतरलो. स्टेशनचं नाव भंडारा रोड, पण गाव वरठी, आणि भंडारा तिथून आणखी पुढे. पोलाद कारखान्याची पाळी सुटत होती. मोटरसायकली आणि सायकली एकाच रस्त्यावरून चालल्या होत्या, हँडलला डबे अडकवलेले. स्टेशनबाहेर आम्ही पोहे खाल्ले. इथे पोह्यांवर चण्याचा लाल रस्सा ओततात, त्याला तर्री म्हणतात. आमच्याकडचे पोहे खोबरं-कोथिंबीर अंगावर घेऊन बशीत शहाण्यासारखे बसतात. हे पोहे अंगावर येतात. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, नाकातूनही आलं, आणि मॅडमनी दुसरी प्लेट मागवली.

पोहेवाल्याने विचारलं, "कोनीकडे चालले बाई?"

"लाखांदूरच्या पुढे," मॅडम म्हणाल्या. "गावात कोणाकडे किती आहे आणि सरकारचं कोणापर्यंत पोचतं, ते बघायला."

"मंजे गरिबी मोजाले. पुन्यातली सरली का?"

"नाही हो. तिथे लोक दारच उघडत नाहीत."

तो हसला आणि त्याने माझ्या प्लेटमध्ये न विचारता आणखी तर्री ओतली.

मॅडम राज्यशास्त्राच्या प्राध्यापक होत्या, आता निवृत्त आहेत. सुरुवातीला त्यांनी निवडणुकांवर काम केलं. मग एकदा मतदारयाद्या तपासत फिरताना त्यांच्या लक्षात आलं, की मत सगळ्यांचं एकेकच असतं, पण मत दिल्यावर रस्ता काही ठरावीक दारांपर्यंतच येतो. "तेव्हापासून आयुष्यभर एवढंच बघत आले," त्या एस.टी.त मला सांगत होत्या, "रस्ता कुठल्या दाराशी थांबतो." त्यांना जीप परवडली असती, पण जाताना त्या एस.टी.नेच जातात. बसमध्ये गावाची अर्धी माहिती मिळते असं त्यांचं म्हणणं. मला मिळाला एक कोहळा. अड्याळच्या अलीकडे चढलेल्या एका बाईने तो माझ्या मांडीवर ठेवला, "धर वो बाई, मले उभंच राहाव लागते," म्हणाली आणि पवनीपर्यंत माझ्याकडे पाहिलं नाही. पवनीच्या स्टँडवर तिने कोहळा उचलला आणि जागेच्या भाड्यासारखे चार उकडलेले शिंगाडे माझ्या हातात दिले. शिंगाडे इथल्या तलावांत होतात. काळं कवच दातांनी फोडायचं, आत पांढरा, पिठूळ गर. मॅडमनी तीन खाल्ले.

खिडकीबाहेर सपाट मुलूख. धान कापून झालं होतं. बांधीबांधीत, म्हणजे बांध घातलेल्या चौकोनी खाचरांत, धसकटं उभी होती आणि त्यांच्या मधून लाखोरी, इथलं एक कडधान्य, हिरवी वर आली होती. धान उभं असतानाच चिखलात लाखोरीचं बी फेकतात. धान निघतं तोवर खाली दुसरं पीक तयार. शेतांच्या कडेला कापलेल्या धानाच्या मोठ्या गोल गंजी होत्या, त्यांना पुंजने म्हणतात. आणि दर थोड्या अंतराने तलाव. मला पाणी दिसलं की मी मोजायला लागते, पण इथे मोजणं सुटलं.

बसमध्ये मॅडमनी मला त्यांच्या पहिल्या खेपेची गोष्ट पुन्हा सांगितली. मी ती वाचलेली होती. राज्यशास्त्राच्या आमच्या वर्गात सगळ्यांनी वाचलेली असते. जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला, त्यानंतर लवकरच त्या या गावी आल्या. कचेऱ्यांची वाटणी चालली होती, गरिबांच्या जुन्या याद्या मोडून नव्या होत होत्या. सरकार जमीन बघून यादी करत होतं. मॅडमनी गावालाच विचारलं: तुमच्यातलं कोण बरं आहे, कोण ओढगस्तीचं, चिठ्ठ्यांचे ढीग लावून सांगा. गावाने लावलेले ढीग सरकारी यादीशी जुळले नाहीत. लोकांनी कितीतरी बिनजमिनीची घरं वर ठेवली होती. त्या घरांत एक गोष्ट सारखी होती, प्रत्येक घरात वयात आलेला मुलगा किंवा मुलगी होती. मॅडमनी त्यातून अर्थ काढला, की गाव जमीन मोजत नाही, राबते हात मोजतं. ज्या घरात जाणते हात आहेत ते घर उभं राहतं, मदत आधी त्यांना द्यावी ज्यांच्याकडे तेही नाहीत.

इतकं साधं आणि इतकं खरं वाटणारं. मॅडमचं नाव झालं ते या एका म्हणण्यावर. पुढे त्या ज्या समितीवर होत्या तिने तो नियम करून टाकला. घरकुलासारख्या योजनांत, घरात वयात आलेली मुलं असतील तर ते घर मदतीच्या यादीत मागे पडतं. नियम या एका जिल्ह्यापुरता राहिला नाही. आता तो आणखी ठिकाणी लावायचा विचार होता. त्यासाठी नागपूरला बैठक ठरली होती, आणि बैठकीआधी त्याच गावात तेच ढीग एकदा पुन्हा लावून बघायचे, म्हणून आम्ही निघालो होतो. ही आपली शेवटची फेरी, असं मॅडम गुडघा चोळत म्हणाल्या.

तलावगाव

मॅडमच्या लेखनात गावाचं नाव तलावगाव आहे. खरं नाव मीही लिहीत नाही. गावाला हे बारसं माहीत आहे. पहिल्या खेपेला चिठ्ठ्या लावायला बसलेल्यांपैकी मोतीरामबुवा अजून आहेत. ते मॅडमना भेटल्या भेटल्या म्हणाले, "गावाचं नाव बदलवलं तुमी, अना मानसं?"

"माणसांचीही बदलली."

"मंग मी कोन आहो त्याच्यात?"

"गणपतराव."

बुवांनी विचार केला. "हे तं माह्या साल्याचं नाव आहे. दुसरं नाही भेटलं का?"

गावाने मॅडमना 'मोठ्या मॅडम' केलं आणि मला 'लहान मॅडम'. मोठ्या मॅडमची सोय ग्रामपंचायतीच्या खोलीत, माझी वच्छलाबाईंकडे. वच्छलाबाईंचे यजमान देवाजी लाखांदूरच्या राइस मिलमध्ये हमाली करतात. तांबडं फुटताच जातात, दिवेलागणीला येतात. मुलगी प्रतिभा लाखांदूरच्या कॉलेजातून बी.ए. झालेली, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. घर कवेलूंचं, म्हणजे कौलांचं. पुढची खोली शेणाने इतकी नीट सारवलेली, की मला बूट काढूनही पाय ठेवायला संकोच वाटला. जेवायला नव्या तांदळाचा भात आणि लाखोरीच्या पाल्याची भाजी. भात वाढायची पद्धत अशी की नको म्हणायला हात आडवा केला तर हातावर पडतो. माझ्या हातावर दोनदा पडला.

"लाजते तुमची लहान मॅडम," वच्छलाबाई मॅडमना म्हणाल्या. "सासरी कशी करन?"

"ती सासरी नाही, पीएच.डी.ला जाणार आहे," मॅडम म्हणाल्या.

"तिथं बी जेवाव तं लागनच."

दुसऱ्या सकाळी शाळेच्या व्हरांड्यात बायकांचा गट बसला आणि मी वर लिहिलेलं वाक्य ऐकलं. त्यानंतर मी बारीक लक्ष ठेवलं. आणखी तीन चिठ्ठ्या तशाच वर सरकल्या. नुसत्या भुवयांच्या इशाऱ्यावर. मधेच एका शेळीने खालच्या ढिगातली एक चिठ्ठी खाल्ली आणि बायका पोट धरून हसल्या. "तिच्या घरचं दळिंदर शेरीनं खाल्लं, सुटली बिचारी," भागरथाबाई म्हणाल्या. मी नवी चिठ्ठी लिहून दिली.

संध्याकाळी मॅडमनी ढीग पाहिले. बायकांचे आणि पुरुषांचे दोन्ही. त्या बराच वेळ चिठ्ठ्या उलटसुलट करत राहिल्या आणि मग त्यांचा चेहरा उजळला. "बघ," त्या म्हणाल्या, "देवाजीचं घर. एक बांधी जमीन, भिंत पडलेली, तरी पहिल्या ढिगात. का? प्रतिभा. शिकलेली, हाताशी आलेली. लोक हात बघतात. सांगत होते की नाही?"

"हो मॅडम," मी म्हणाले.

मी सहा महिन्यांत त्यांना बहुतेक एवढंच म्हटलं होतं.

पाळीवर

रात्री मला झोप नीट लागली नाही आणि उजाडल्यावर घरात बसवेना. मी तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, जाऊन चालत राहिले. या टोकापासून त्या टोकापर्यंत, परत. पाण्यात बदकं होती, कुठून कुठून आलेली, आणि पाळीखालच्या चिखलात माझी एक चप्पल रुतली ती हात घालून काढावी लागली. चिखलाचा हात धुवत असताना प्रतिभा आली. तिला माझ्याशी एकटीशी बोलायचं होतं, ते मला तिच्या चालण्यावरून कळलं. मीही तशीच चालते.

"ताई, तुमच्या वहीत आम्ही श्रीमंत झालो म्हणे," ती म्हणाली.

मी मान हलवली.

"उद्या मंडई. मले पाहाले येऊन राहिले पवनीकडचे." मंडई म्हणजे दिवाळीनंतरची गावजत्रा. प्रत्येक गावाचा दिवस वेगळा, आणि त्या दिवशी गावभर सगळ्यांचे पाहुणे. धान घरात आलेलं, लोक मोकळे, आणि लग्नं जमतात ती याच दिवसांत. "पाहुने गावात शिरले का पानटपरीवर विचारतात, अमक्याचं घर कसं आहे गा? कोनी बी सांगते, मस्त आहे. भागरथाकाकूची पोरगी होती तवा माह्या आईनं बी सांगतलं होतं. तसंच आहे हे."

"पण चिठ्ठ्यांचा आणि लग्नाचा काय संबंध?" मी विचारलं. हा मी स्वतःहून विचारलेला पहिला प्रश्न असावा.

"मोठ्या मॅडम उद्या सर्व्यायसमोर वाचनार नाही का?"

वाचणार होत्या. मॅडमची ती पद्धतच होती आणि तिचा त्यांना अभिमान होता. बंद खोलीत यादी होत नाही, गावासमोर वाचली जाते, ज्याची हरकत असेल त्याने उठून सांगायचं. सरकारी याद्यांतली लबाडी याने मोडते, असं त्या शिकवायच्या. मी परीक्षेत तेच उत्तर लिहून चांगले मार्क मिळवले होते.

"मग तुझी आई मॅडमना सांगत का नाही?"

"काय सांगन? भागरथाकाकू खोटी बोलली म्हून? तिनं आमच्यासाठी ठेवलं वर." तिने गावाकडे पाहिलं. "माझं जमलं तं मी जाईन पवनीकडे. त्या भिंतीखाली आईबाबाच राहतीन. आमच्याकून नाही सांगनं होत, ताई. तुमच्याकून झालं तं पाहा."

दुपारी वच्छलाबाईंनी तोच विषय त्यांच्या रीतीने काढला. मी वही काढून बसले होते, त्या वाल सोलत होत्या.

"लहान मॅडम, एक गोष्ट होत नाही का? वाचताना वर वाचाव, अना लिवताना खाली लिवाव."

मी म्हटलं, मॅडम जे लिहिलंय तेच वाचतात आणि जे वाचलं तेच पाठवतात.

"मोठ्या सच्च्या आहेत तुमच्या मॅडम," त्या म्हणाल्या. तक्रार नव्हती, थोडी कीव होती. "राहू द्या मंग. घर तं मांगच्या बारीनं बी नाही भेटलं. भिंत पुढच्या साली बी बांधता येते. पोरीचं वय का थांबते?"

मांगच्या बारीनं, म्हणजे मागच्या खेपेला. ते दोन शब्द मी वहीत इंग्रजीत लिहिले आणि त्याखाली रेघ मारली. मग तशीच उठून मोतीरामबुवांना शोधायला गेले. ते आपल्या पुंजन्याच्या उन्हाच्या बाजूला पाठ टेकून बसले होते.

मी विचारलं, मॅडम पहिल्यांदा आल्या तेव्हा देवाजींच्या घरी कोणाचं लग्न व्हायचं होतं का?

"त्याच्या बहिनीचं. त्याच मंडईत जुळलं."

"आणि तुम्ही तेव्हाही त्यांची चिठ्ठी..."

"लगनाच्या घराले खाली बसवत नाही, बाई. तवा बी नाही बसवलं." त्यांनी बोटांवर घरं सांगायला सुरुवात केली. नाल्याजवळचे दोन भाऊ, त्यांचे पोरगे होते. मग शाळेमागचं घर, मग तेलघाण्यापाशी राहणारी बाई, तिच्या दोन मुली. "गावभर पाहुने. अना तुमच्या मॅडम पारावर उभ्या राहून वाचून राहिल्या. आता पाहुन्यायसमोर कोनाले दळिंदर म्हनाव का आपन?"

"मॅडमना सांगितलं नाही कोणी?"

बुवा माझ्याकडे असे बघत राहिले, जसं मी विचारलं होतं की भात शिजवायचा असतो हे मॅडमना कोणी सांगितलं नाही का.

"सांगाले काय लागते? हे का सांगाची गोष्ट आहे? मॅडम एवढ्या शिकल्या. त्यायच्या तिकडे बी लगनं होतच असतीन ना."

पहिल्या खेपेच्या मूळ, खऱ्या नावांच्या तक्त्याची झेरॉक्स माझ्या पिशवीत होती. मी शाळेच्या पायरीवर बसून बुवांनी सांगितलेली घरं त्यात शोधली. वर ठेवलेली जी बिनजमिनीची घरं मॅडमच्या म्हणण्याचा पाया होती, ती जवळपास सगळी बुवांच्या बोटांवर होती. एक राहिलं. त्याचं काय ते मला आजही माहीत नाही.

आमच्या पुण्याच्या सोसायटीत असे ढीग लावता येणार नाहीत. समोरच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांचं आडनाव आम्हाला पाटीवरून माहीत आहे. मला बघायला एक कुटुंब आलं होतं तेव्हा आईने खिडक्या लावून घेतल्या होत्या, कोणाला कळू नये म्हणून. इथे शेजारणीने चिठ्ठी उचलून वर ठेवली. आणि अशा उचलण्याने तिच्या मैत्रिणीचं घरकुल एकदा गेलं होतं आणि आता पुन्हा जाणार होतं, हे तिला माहीत नव्हतं. माहीत असतं तरी तिने काय केलं असतं, हेही मला सांगता येत नाही.

त्या दिवशी मी मॅडमच्या खोलीपर्यंत तीनदा गेले. एकदा त्या फोनवर होत्या. एकदा त्या बैठकीसाठी टिपण लिहीत होत्या आणि स्वतःशी गुणगुणत होत्या, ते मी कधी ऐकलं नव्हतं. तिसऱ्यांदा दार उघडं होतं आणि त्या मोकळ्या होत्या. मी त्यांना गुडघ्याला लावायचं मलम देऊन परत आले.

मंडई

सकाळपासून दुकानं लागत होती. बांगड्या, जिलेबी, प्लास्टिकची खेळणी, ऊस. दंडारीचा, म्हणजे इथल्या गाण्या-नाचाच्या खेळाचा, ढोलकीवाला ढोलकी उन्हात तापवत होता. प्रत्येक घरी पाहुणे होते. मॅडमना मंडईच्या मंडळाने आपला भोंगाच दिला. पहिल्या खेपेला त्यांनी नुसत्या आवाजात वाचलं होतं, या वेळी यादी तलावाच्या पलीकडेही ऐकू जाणार होती.

पिंपळाच्या पारासमोर खुर्च्या होत्या. पुढच्या ओळीत पवनीकडचे पाहुणे: मुलगा, त्याचे वडील आणि एक मामा, जो सगळ्यांच्या वतीने तंबाखू मळत होता. वच्छलाबाई बायकांत मागे बसल्या होत्या. भागरथाबाई त्यांच्या शेजारी, नजर थेट समोर.

मॅडमनी पहिला ढीग वाचायला घेतला. देवाजींचं नाव चौथं आलं. भोंग्यातून ते फार मोठं वाटलं. मामाने मळणं थांबवलं आणि मुलाच्या वडिलांकडे बघून मान डोलावली.

"कोणाची हरकत?" मॅडमनी विचारलं.

कोणी हललं नाही. मॅडमनी प्रत्येकाच्या चेहऱ्यावरून नजर फिरवली, ती शेवटी माझ्यावर आली. मी त्यांच्या शेजारी चिठ्ठ्यांची पाटी धरून उभी होते. मी तोंड उघडलं. इथे बोलले तर प्रतिभाचं काय होईल, आणि नाही बोलले तर तिच्या आईचं काय होईल, दोन्ही मला एकदम दिसत होतं.

"पाणी देऊ का, मॅडम?" मी म्हणाले.

त्या पाणी प्यायल्या आणि दुसरा ढीग वाचायला लागल्या.

नंतर पाहुण्यांचा चहा वच्छलाबाईंकडे झाला. खुर्च्या तीन घरांतून आल्या होत्या. कपबशा भागरथाबाईंच्या, सोनेरी काठाच्या. मागच्या ताडपत्रीवर त्यांच्याच घरचा नवा फुलांचा पडदा लावला होता. तेव्हा मला कळलं, चिठ्ठीसुद्धा त्या कपांसारखीच शेजारून आली होती. कप संध्याकाळी परत गेले. चिठ्ठी मॅडमच्या पिशवीत राहिली. पाहुण्यांनी जाताना "फोन करतो" म्हटलं. त्याचा अर्थ होकार असतो की नकार, असं मी प्रतिभाला विचारलं. ती म्हणाली, फोन आला तर होकार.

शहापूर

दुसऱ्या सकाळी आम्ही जीपने निघालो. दुपारी नागपूरची बैठक होती, उशीर चालणार नव्हता. वच्छलाबाईंनी नव्या तांदळाची छोटी पिशवी दिली आणि मला म्हणाल्या, "जेवत जाजो वो." जीप वळेपर्यंत प्रतिभा दारात उभी होती.

भंडारा मागे टाकून हायवेला लागलो आणि शहापूरला टायर पंक्चर झाला. ड्रायव्हर चाक काढायला बसला, आम्ही रस्त्याकडेच्या टपरीच्या बाकावर. ट्रक इतक्या जवळून जात होते की चहावर साय नाही, धूळच धरत होती. मॅडमनी टिपण काढलं आणि चष्मा लावला.

"इतक्या वर्षांनी तेच उत्तर आलं बघ," त्या म्हणाल्या. "मला मनातून भीती होती. पहिल्या वेळी मी तरुण होते, उत्साहात होते, वाटायचं, चुकून लागले असतील ढीग. आता निश्चिंतपणे सांगता येईल. दुपारी मी एवढंच सांगणार."

"मॅडम, वच्छलाबाईंचं घर वर नाहीये."

माझा आवाज ट्रकच्या आवाजात गेला. मला पुन्हा म्हणावं लागलं, आणि दुसऱ्यांदा म्हणणं पहिल्यापेक्षा अवघड होतं. मग मी सांगितलं. भागरथाबाईंचं वाक्य, भुवई, पाहुणे. वाचताना वर आणि लिहिताना खाली. बोलताना मी चहाच्या ग्लासाकडे बघत होते.

मॅडमनी चष्मा काढला. मला वाटलं त्या रागावतील. त्या हसल्या, मनापासून.

"हे तू टिपलंस? कोणाला न विचारता, नुसतं बघून? छान. फारच छान निरीक्षण आहे. मंडईमुळे आकडा हलला. मी आजच तळटीप टाकते, तुझ्या नावाने. आणि ते घर चौथ्या ढिगात घेऊ या, ते चूकच आहे." त्यांनी टिपणाच्या कडेला पेन्सिलने लिहिलंसुद्धा.

"चला मॅडम, झालं," ड्रायव्हरने हाक मारली.

मॅडम उठल्या. गुडघा सरळ करायला त्यांना एक क्षण लागला. पिशवी खांद्याला लावली, टिपण काखेत घेतलं. वच्छलाबाईंचं घर आता योग्य ढिगात होतं. प्रतिभाने जे सांगितलं होतं ते माझ्याकडून झालं होतं, आणि वर माझ्या नावाची तळटीप. इथे उठून जीपमध्ये बसले असते तर कोणी मला काही विचारलं नसतं. मॅडम माझ्याकडे वळल्या तेव्हा त्या इतक्या समाधानी दिसत होत्या, की मी बाकाची कड दोन्ही हातांनी धरली.

"काय झालं? चल."

"पहिल्या वेळचे ढीगसुद्धा मंडईतच लागले होते, मॅडम," मी म्हणाले.